बांधापलीकडचा गज

लंकाबाईच्या विहिरीचं काम अडतीस फुटांवर आलं होतं, तेव्हा बोरदऱ्यात मोजणीवाले आले. चैत्राचं ऊन होतं. तिघं जण गाडी पाणंदीच्या तोंडाला लावून शेतांतून चालत आले. थोड्या थोड्या अंतरावर तिपाई उभी करायचे, तिच्यावरच्या यंत्रात बघून काही टिपून घ्यायचे आणि पुढं जाताना जमिनीत एक लोखंडी गज ठोकायचे. गजाच्या वरच्या टोकाला लाल रंग. लंकाबाईच्या शेतातला गज विहिरीपासून बारा पावलांवर पडला. तिनं ती पावलं त्याच दिवशी मोजली. दुसऱ्या दिवशी परत मोजली. बाराच भरली.

गज कशाचा, ते कुणाला विचारावं लागलं नाही. जामखेडकडं जाणारा मोठा रस्ता बोरदऱ्याच्या मधोमध जातो. शाळेजवळ वळण आहे आणि त्या वळणावर दोन वर्षांत चार माणसं गेली होती. म्हणून गावानंच बायपास मागितला होता. ग्रामसभेत ठरावाला हात वर केले, त्यात लंकाबाईचाही हात होता. बायपास गावाबाहेरून जाणार, एवढंच तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात होतं. गावाबाहेर म्हणजे आपलं शेत, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

लंकाबाई आणि तिचा नवरा कानिफनाथ बावीस वर्षं ऊसतोडीला जात होते. दसरा झाला की टोळीबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसायचं, कोल्हारच्या बाजूला प्रवरेकाठच्या फडांत उतरायचं, ते मार्चमध्ये परत. त्यांचा मुलगा हर्षल तिकडंच पाचटाच्या एका कोपीत जन्मला होता. आता तो सुप्याला कंपनीत कामाला होता. बोरदऱ्यात अडीच एकर रान, पण पाण्याचा थेंब नाही. यंदा सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली, हर्षलनं हातभार लावला आणि दोघांनी ठरवलं, की हा हंगाम शेवटचा. विहिरीला पाणी लागलं की कोयता खुंटीला लावायचा. दिवाळीला आपल्या घरात असायचं. इतकी वर्षं तिनं दिवाळी पाचटाच्या धुरात काढली होती.

आता गज पडल्यावर काम थांबवायचं की चालू ठेवायचं, हे कोणी सांगेना. विहीर खोदणारा छगन दगड-मुरूम वर ओढायच्या यारीला टेकून म्हणाला, की दुसऱ्या गावात माणसं त्याची वाट बघतायत, काय ते दोन दिवसांत सांगा. हर्षल फोनवर म्हणाला, खोदून घ्या, विहिरीची भरपाई मिळेल. उपसरपंच राधाकृष्ण म्हणाला, मोजणी झाल्यावर खोदलेलं धरत नाहीत, उगाच खड्ड्यात खड्डा करू नका. कानिफनाथ सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी लंकाबाईकडं बघायचा.

लंकाबाई जामखेडला तहसीलात गेली. तिथं सांगितलं, हे नगरला विचारा. नगरला गेली. तिथल्या कारकुनानं तिला बसायला खुर्ची दिली, चांगलं बोलला, पण सांगितलं ते इतकंच, की आखणी अजून पक्की नाही, राजपत्रात गट नंबर येईपर्यंत कुणीच काही सांगू शकत नाही. कधी येईल, म्हणून तिनं विचारलं. तो म्हणाला, चार महिने लागतील, नाही तर वर्षही लागेल. परतीच्या एसटीत बसायला जागा होती, तरी ती उभीच राहिली. घरी आल्यावर चहासुद्धा तिनं उंबऱ्यात उभ्यानंच घेतला. कानिफनाथ म्हणाला, जरा टेक. तिला टेकवेना.

दुसरा दिवस बाजाराचा होता. अर्धं गाव जामखेडला गेलं होतं आणि छगनच्या माणसांना सुट्टी होती. लंकाबाई भर दुपारी शेतात गेली, ती विहीर बघायला. काय करायचं हे काही ठरवून गेली नव्हती, असं ती पुढं नेहमी सांगायची. विहिरीच्या काठावर थोडा वेळ उभी राहिली. मग गजापाशी गेली आणि त्याला हात लावला. गज तव्यासारखा तापला होता. तिनं पदर गुंडाळून तो धरला, पुढं-मागं हलवला. मुरमाची जमीन, खोल गेलाच नव्हता. तो निघून हातात आला.

आता हा ओढ्यात फेकावा, असं तिला आधी वाटलं. पण गज गेला तर कळेल, सरकला तर कळणार नाही. बांध ओलांडून ती पलीकडं गेली, साठेक पावलं चालली असेल, आणि तिथं तिनं तो दगडानं ठोकला. परत येऊन पहिल्या भोकावर पायानं माती लोटली. दुसऱ्या दिवशी सकाळी छगनला सांगितलं, की काम चालू कर. कानिफनाथनं बघितलं, की आपल्या रानातला गज नाही. त्याला वाटलं, मोजणीवाले परत येऊन सरकवून गेले असतील. तिनं त्याला तसंच वाटू दिलं.

बांधापलीकडचं रान अजीज पठाणचं. अजीज पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. गावात भर रस्त्यावर त्याचं घर होतं, पुढच्या खोलीत दुकान, मागं राहणं. दार उघडलं की रस्ताच. त्याची मुलगी नाझनीन बाळंतपणात आजारली होती आणि ती नीट बरी होईपर्यंत तिची अडीच वर्षांची सुमैरा आजीकडंच होती. पोरगी चालायला लागल्यापासून अजीजची बायको खातून तिच्या कमरेला ओढणी बांधायची आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. ओढणी दारापर्यंत पुरायची, दाराबाहेर नाही. अजीजनं ठरवलं होतं, की रस्त्यावरचं हे राहणं सोडायचं आणि शेतात दोन खोल्या बांधायच्या. जोतं बांधून झालं होतं, विटा येऊन पडल्या होत्या. लंकाबाईनं ठोकलेला गज त्या जोत्याच्या कोपऱ्यालगत उभा होता.

संध्याकाळी अजीज कानिफनाथकडं आला आणि ओट्यावर बसला. गज आपल्याकडं आला, असं त्यानं शांतपणे सांगितलं. गवंडी परत पाठवले होते. रस्ताच जाणार असेल तर भिंत कशाला उभी करायची, म्हणाला. कानिफनाथ हळहळला. लंकाबाई आत भाकरी थापत होती, ती बाहेर आली नाही. जाताना अजीजनं दारातूनच सांगितलं, की छगनच्या माणसांना प्यायला पाणी लागलं तर माझ्या बोअरचं घेत जा, मोटार चालू ठेवतो. तिनं बरं म्हटलं.

पुढचे दिवस ती एका जागी ठरेना. विहिरीवर जायची, तिथून घरी यायची, घरून परत विहिरीवर. छगनचे सुरुंग उडाले की तिचं लक्ष विहिरीकडं न जाता बांधापलीकडं जायचं. तिथल्या विटांवर आता धूळ बसली होती. अजीज अधूनमधून येऊन जोत्यावर उभा राहायचा, काही न करता निघून जायचा. गावात तो भेटला की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. कानिफनाथनं एकदा विचारलं, की भांडण झालंय का. ती म्हणाली, कशाचं भांडण.

बेचाळीस फुटांवर ओल दिसली. छगननं वर हाक मारून सांगितलं. लंकाबाई काठावर आली, खाली वाकून बघितलं, बरं म्हणाली आणि घरी गेली. छगनला ते चमत्कारिक वाटलं. पाण्याची पहिली ओल दिसली की बाया नारळ घेऊन येतात, हे त्यानं शंभर विहिरींवर पाहिलं होतं.

वैशाखात एका सकाळी मोठ्या रस्त्यावर आवाज झाला. लंकाबाई दळण घेऊन चक्कीवर होती. सगळे धावले तशी तीही धावली. टोमॅटोचा टेम्पो वळणावर घसरून अजीजच्या ओट्यात शिरला होता. ओटा फुटला होता, पाण्याचा माठ आणि दुरुस्तीला आलेल्या दोन मोटारी चेपल्या होत्या. पुढचं चाक दारापासून हातभर लांब थांबलं होतं. आत सुमैरा खाटेला बांधलेली होती आणि मोठ्यानं रडत होती. खातून तिला सोडवायला बघत होती, पण तिला ओढणीची गाठ सुटत नव्हती. शेवटी लंकाबाईनंच आत जाऊन ती सोडवली.

कुणाला लागलं नव्हतं. पण दोन दिवसांनी कानिफनाथ बातमी घेऊन आला. अजीज शेत विकतोय. नगरचा कुणी दलाल आला होता, रस्त्यात जाणारं रान आम्ही घेतो, पुढची कटकट आमची, म्हणाला. खातूननं धोशा लावला होता, की शेतात घर होत नसेल तर इथं एक दिवस राहायचं नाही, जामखेडला खोली बघा. सोमवारी इसार होणार होता.

लंकाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि तशीच निघाली. अजीज दुकानात एक चेपलेली मोटार उघडून बसला होता. फुटलेल्या ओट्यावर फळी टाकली होती, तिच्यावरून ती आत गेली.

“अजीजभाई, त्यो गज तुमच्यातला न्हाई,” ती म्हणाली. “आमच्यातला हाय. मीच उपटून तुमच्यात ठोकला.”

अजीजनं पक्कड खाली ठेवली. “कवा?”

“बाजाराच्या दिशी.”

“कानिफला ठावं हाय?”

“न्हाई. कुनालाच न्हाई.”

त्यानं मोटारीच्या सुट्या तारा एका बाजूला सारल्या. मग म्हणाला, “वयनी, मला येऊन सांगायचं हुतं, का असं झालं, आमच्या हिरीपाशी गज आला.”

“सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?”

“काय न्हाई. मी काय करनार हुतो? पन दीड महिना मी माझ्या जोत्यावर जाऊन हुबा राहिलो. ते तरी राहिलो नसतो.”

आतल्या दारात खातून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पोरीला उचलून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

दोघं शेतात गेले. अजीजनं गज उपटला, लंकाबाईनं आधीची जागा दाखवली आणि त्यानं तो तिथं परत ठोकला. घरी तिनं कानिफनाथला सांगितलं. तो रागावणारा माणूस नव्हता. थोड्या वेळानं एवढंच म्हणाला, “बावीस वरसं लोकांच्या फडात राबलो. कधी कुनाचं उसाचं कांडं उचललं न्हाई.” त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

अजीजनं शेत विकलं नाही. बोअरचं पाणीही बंद केलं नाही. खातूनचं मात्र बोलणं थांबलं. लंकाबाई समोरून आली की ती पदर सारखा करून दुसरीकडं बघायची.

शेहेचाळीस फुटांवर विहिरीला झरा लागला. त्याच आठवड्यात मोजणीची गाडी परत आली. या वेळी एक तरुण इंजिनियर बाई होती, राजनंदिनी नावाची, डोक्याला रुमाल बांधलेली. लंकाबाई तिच्यापाशी गेली आणि गज आपण हलवला होता, परत लावला आहे, हे स्वतःच सांगून मोकळी झाली. काय दंड व्हायचा तो होवो, असं तिच्या मनात होतं.

राजनंदिनी हसली नाही, रागावलीही नाही. “मावशी, गज हलवल्यानं रस्ता हलत नाही,” ती म्हणाली. “गज आमच्या खुणेपुरता. रस्ता यात असतो.” तिनं हातातला टॅब पुढं केला. तुमच्या गावात नऊ गज जागेवर नाहीत, एक तर स्मशानात सापडला, असंही तिनं सांगितलं.

टॅबवर वरून दिसणारं बोरदरं होतं. त्यावर तीन रेघा होत्या. दोन लंकाबाईच्या रानातून जात होत्या, एक ओढ्यापलीकडून. यातली कोणती, हे अजून ठरायचं होतं. रुंदी साठ मीटर. बोट ठेवून ठेवून राजनंदिनीनं दाखवलं, की मधली रेघ धरली तर विहीर जाते आणि अजीजच्या रानाची बांधालगतची पट्टी जोत्यासकट जाते. लंकाबाईला एवढं कळलं, की गज बांधाच्या इकडं असो की तिकडं, काहीच बदललं नसतं. ती बांधावर बसली. पाणी लागलं का, म्हणून राजनंदिनीनं विचारलं. तिनं हो म्हटलं आणि विचारलं, की आता मी काय करू.

“ते मला सांगता येणार नाही. पण नाव आल्यावर हरकत घ्याल, तेव्हा रस्ता नको असं लिहू नका. तसले अर्ज ढिगानं येतात. काय पाहिजे ते लिहा.”

लंकाबाईनं हे सगळं अजीजला जाऊन सांगितलं, रेघा कुठून जातात ते काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. अजीजनं जोत्याचे दगड उकलले आणि रानाच्या पार पश्चिमेच्या कोपऱ्यात नवं जोतं घातलं. एकाही रेघेची पट्टी तिथवर पोचत नव्हती. पावसाळ्यात काम रेंगाळलं, पण भिंती उभ्या राहिल्या.

दसऱ्याच्या आधी राजपत्र आलं. राधाकृष्णानं चावडीसमोर गट नंबर वाचले. मधली रेघ धरली होती. लंकाबाईचा गट त्यात होता, अजीजचाही होता. त्याच आठवड्यात ऊसतोडीचा मुकादम दारात आला. विहीर तर रस्त्यात चाललीच, मग येताय का, म्हणाला. कानिफनाथ पुन्हा लंकाबाईकडं बघायला लागला. रस्त्याचा भराव पडेपर्यंत पाणी आपलंच आहे, असं तिनं मुकादमाला सांगितलं. टोळीचा ट्रॅक्टर त्यांच्याशिवाय गेला. त्यांनी कांदा लावला. तरी पहिले चार दिवस लंकाबाई पहाटे उठून बोचकं शोधल्यासारखी घरभर फिरत होती.

हरकतीचा अर्ज लिहायला बसल्यावर तिला एक गोष्ट सुचली. गाव एका बाजूला, शेतं दुसऱ्या बाजूला, मधून बायपास. शेतांकडं जाणारी पाणंद रस्त्याखाली गाडली जाणार होती, आणि राजनंदिनीच्या टॅबवर ती पाणंद कुठं दिसली नव्हती. राधाकृष्णानं तलाठ्याकडून खात्री करून घेतली. नकाशात ती वाट नव्हतीच. मग अजीजच्या घरातली माणसं गावात येणार कशी? लंकाबाईनं पाणंदीसाठी बायपासखाली बोगदा मागणारा अर्ज लिहून घेतला आणि त्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सही नाही तर अंगठा घेत फिरली. आठ दिवस ती हेच करत होती. शेवटी खातूनचं घर राहिलं. तिथं ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा आत गेली आणि कागद पुढं केला. खातूननं तो वाचला, सही केली आणि परत दिला.

सुनावणीच्या दिवशी मात्र एसटीच्या थांब्यावर अजीजबरोबर खातूनही होती, कडेवर सुमैरा. शेत दोघांच्या नावावर होतं.

अधिकाऱ्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. त्यांनी अर्ज बघितला, नकाशा बघितला आणि म्हणाले, की इथं वाटच नाही, बोगदा कशासाठी देणार? लंकाबाईनं सह्यांचे कागद पुढं ठेवले.

“सायेब, रस्ता नगं म्हनाया मी आले न्हाई. माझी हीर चाललीय, ती जाऊ द्या. पन ह्या पोरीला उद्या साळंत जायाचंय. चार पदरी रस्ता ती कशी वलांडनार?”

तुमची नात का, असं त्यांनी विचारलं.

“न्हाई, यांची,” लंकाबाई म्हणाली.

“आमची आन् तिची वाट येकच हाय, सायेब,” खातून म्हणाली. “गेली चाळीस वरसं. नकाशावाल्यानं इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

अधिकाऱ्यांनी सह्या मोजल्या, कागद फाइलला लावले आणि जागेची पाहणी होईल, असं सांगितलं. बाहेर आल्यावर अजीज चहा आणायला गेला. खातून आणि लंकाबाई पायऱ्यांवर बसल्या.

“माझ्या मनातनं अजून गेलं न्हाई,” खातून रस्त्याकडं बघत म्हणाली.

“माझ्या बी न्हाई,” लंकाबाई म्हणाली.

चहा आला, तिघांनी घेतला आणि मिळेल त्या एसटीनं परत आले.

पाहणी झाली. माघात उत्तर आलं. बोगदा मंजूर होता, पण पाणंदीवर नाही, तिथून तीनशे पावलं खाली, ओढ्याच्या मोरीला जोडून. उंची माणूस, जनावर आणि मोटरसायकल जाईल इतकी. कडब्याची भरलेली गाडी त्यातून जाणार नव्हती. पावसाळ्यात पाणी तुंबेल, म्हणून कानिफनाथ कुरकुरला. अजीज म्हणाला, पोरं जातील, तेवढं बास. तोवर त्याच्या घरावर पत्रे चढले होते आणि खातून पोरीला घेऊन तिथं राहायला गेली होती. नाझनीन आता बरी होती आणि येऊन-जाऊन होती. ओढणी बांधावी लागत नव्हती. लंकाबाई शेतात दिसली की खातून कधी बोलायची, कधी नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी भरपाईसाठी विहिरीची मोजणी करायला दोन माणसं आली. त्यांनी टेप खाली सोडली, खोली लिहिली, पाण्याची पातळी लिहिली, कठड्याचा फोटो काढला. बांधकाम कोणत्या साली, विचारलं. लंकाबाईनं साल सांगितलं, त्यांनी तेही लिहिलं आणि अर्ध्या तासात निघून गेली. कानिफनाथ बाभळीखाली बसला आणि तिलाही ये म्हणाला. ती आली नाही. मोटारीचं बटण दाबून आली, फावडं घेतलं आणि कांद्याच्या पहिल्या वाफ्याचं दार फोडलं.

“आज पाळी न्हाई त्या वाफ्याची,” कानिफनाथ म्हणाला. “कालच भिजलाय.”

“भिजू दे,” ती म्हणाली आणि पाणी वळवून पुढच्या वाफ्याकडं गेली.